बावीस हातांचा पडदा

चि. धाकट्यास,

ताईचे पोटभर आशीर्वाद.

आधी तुझ्या तब्येतीचं कळव. डाव्या खांद्यातून कट्‌ असा आवाज येतो म्हणून लिहिलं होतंस, तो अजून येतो की आता दोन्हीकडून येतो? घाबरू नकोस. या वयात हाडं बोलायला लागतात. आपण हो ला हो म्हणत राहायचं. भावजयीने दात काढून घेतला का, की ती अजून दातालाच धाक दाखवते आहे? (तिच्यापुढे तो फार दिवस टिकायचा नाही. तुझं उदाहरण आहेच.) तुझ्या सासूबाईंना नव्या यंत्राने ऐकू येऊ लागलं असेल तर छान, आणि येत नसेल तर घरात कोणाला जपून बोलावं लागत नाही तेवढंच बरं. चिरंजीवांची तब्येत मी विचारत नाही. जो माणूस दुपारी जेवणाच्या ताटावरच उठतो त्याची तब्येत ठणठणीत असते, बिघडते ती बाकीच्यांची.

आता माझी तब्येत. खुर्ची ओढ, बस, आणि चहाचा कप हातात असेल तर खाली ठेव. मी व्यायामशाळेत जाते. वजनं उचलते. तुझी ताई, जिला लहानपणी पाण्याची बादली अर्धीच भरून द्यायचे, ती आता आरशासमोर उभी राहून लोखंड ओढते आणि शेजारचे तरुण लोक माझं यंत्र रिकामं व्हायची वाट बघत ताटकळतात.

हसून झालं असेल तर पुढे वाच, कारण यात माझी अब्रू गुंतली होती. नाट्यगृहात कपडेपट माझ्याकडे आहे हे तुला ठाऊक आहे, पण मोठ्या पडद्याची दोरीही माझ्याच हातात आहे हे तू दर वेळी विसरतोस. पूर्वीचा दोरीवाला लेकीकडे चार दिवस म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. त्या संध्याकाळपुरती दोरी मी धरली. ती संध्याकाळ अजून संपलेली नाही. तुला वाटेल, दोरी ओढण्यात कसलं सुख? अरे, पडदा जमिनीपासून टीचभर सुटला ना, की प्रेक्षागृहातली ऊबदार हवा पहिल्यांदा माझ्या पायांना लागते. इतक्या लोकांचा श्वास तो. मग सगळे गप्प होतात. नटांना टाळ्या मिळतात, त्या त्यांच्याकडे राहू देत. ती हवा आणि ती शांतता मात्र माझी. दोरी गेली तर मी उरले बटणं लावणारी बाई. बटणांबद्दल माझी तक्रार नाही, पण ती लावताना कोणी श्वास रोखून बसत नाही.

तर आमचा मॅनेजर. (हाच दिग्दर्शक, हाच जाहिराती चिकटवतो, आणि गर्दी नसली की हाच दुसऱ्या रांगेत बसून खोकतो, म्हणजे हॉल भरल्यासारखा वाटतो.) माणूस सोन्यासारखा, फक्त कुठलीही गोष्ट बटणावर चालायला लागली की ती सुधारली असं त्याला वाटतं. मागच्या नाटकात पडदा वर जाताना तीनदा उचकी लागल्यासारखा थांबला. दुसऱ्या दिवशी तो कपडेपटात आला, उगाच एका टोपीवरची धूळ झटकली आणि म्हणाला, "ताई, आता वय झालं."

मी विचारलं, "कोणाचं?"

तो म्हणाला, "पडद्याचं."

सांगितलं ना, सोन्यासारखा आहे. पण आठवड्यात पडदा ओढायच्या मोटारीचं खोकं येऊन पडलं. मी म्हटलं, नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला पडदा मी एका दमात वर नेला, तर खोकं परत जाईल. तो म्हणाला, आणि मधे थांबला तर? मी म्हटलं, तर बटण दाबायलाही दुसरं माणूस बघ. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. साक्षीला आमचा खलनायक होता. (दर नाटकात दुष्टाचं काम करतो म्हणून हे नाव. तसा बिचारा झुरळ दिसलं की माझ्या टेबलावर चढतो.)

बोलून बसले, मग हिशोबाला बसले. भंगारवाल्याकडून लटकवायचा काटा आणून दोरीला अडकवला. पडदा दोरीवर अठरा किलो भरतो. दोरीच्या एका ओढीला आम्ही एक हात म्हणतो, आणि पडदा तळापासून टोकापर्यंत जायला बावीस हात लागतात. म्हणजे अठरा किलो, बावीस वेळा, न थांबता. एवढं एका कागदावर लिहिलं आणि कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेत गेले.

ती जागा पूर्वी टायरचं गोदाम होती, आणि अजूनही तो वास गेलेला नाही. उलट त्यात माणसांची भर पडली आहे. चारी भिंतींना आरसे. स्वतःची पाठ मी आयुष्यात प्रथमच नीट पाहिली आणि ब्लाउजची शिवण डावीकडे सरकते हे लक्षात आलं, म्हणजे पहिल्या दिवशी फुकट गेले नाही. तिथे शिकवायला एक पोरगेलीशी मुलगी आहे, गळ्यात शिट्टी असते म्हणून सगळे तिला शिट्टीच म्हणतात. तिने विचारलं, "आजी, वजन कमी करायचंय का?" मी म्हटलं, "नाही गं बाई, वजन वर न्यायचंय." आणि कागद पुढे केला. तिने तो दोनदा वाचला. म्हणाली, इथे येणारा प्रत्येक जण आरशाकडे बोट दाखवून 'असं करून द्या' म्हणतो. माप घेऊन आलेलं गिऱ्हाईक तुम्हीच पहिलं. तिथेच आमचं जमलं.

पहिले काही दिवस तिने मला नुसतं ओढायला, वाकायला आणि श्वास सोडायला शिकवलं. (मी आजवर श्वास आत घेत होते, सोडत कधी नव्हते, असं तिचं मत आहे.) मग एके दिवशी दोरी खाली ओढायच्या यंत्रावर बसवून वजन चढवत चढवत नेलं. तीस किलो मी एकदा ओढलं. दुसऱ्यांदा ओढायला गेले तर यंत्राने माझ्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं. म्हणजे तीस किलो, एकदा. हे माझं टोक.

आता तुझी ताई आयुष्यभर त्रैराशिकावर जगलेली. एका सदऱ्याला दोन मीटर तर दहा सदऱ्यांना वीस. त्यात कधी दगा झाला नाही. मी तिथल्या बाकावर बसून मनात मांडलं: तीस किलो एकदा, तर पंधरा किलो दोनदा, साडेसात किलो चारदा. मग अठरा किलो? दोनदासुद्धा नाही. पावणेदोन हातांत पडदा घोट्याच्या वर जायचा नाही आणि प्रेक्षकांना तीन अंक नुसत्या चपला बघाव्या लागतील. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी शिट्टीला म्हटलं, फी परत नको, पण मी निघते.

तिने माझा हिशोब ऐकला आणि तोंडावर टॉवेल धरून वळून उभी राहिली. मला वाटलं तिलाही रडू आलं. ती हसत होती. म्हणाली, "आजी, बसा परत." आणि पंधरा किलो लावले. मी दोनदा ओढलं आणि थांबले, कारण हिशोबाप्रमाणे संपलं होतं. ती म्हणाली, ओढत राहा. पाच झाले, दहा झाले, वीस झाले, मी तोंडाने मोजायचं सोडलं तरी हात चालूच. तिसाच्या आसपास कुठेतरी तिनेच शिट्टी फुंकली. अरे, मला वाटलं यंत्र बिघडलं. निम्मं वजन म्हणजे दुप्पट वेळा नाही रे. मग तिने चोवीस लावले, तर आठ वेळा. सत्तावीस लावले, तर चौथ्यालाच मान वाकडी.

त्या दिवशी घरी जाईपर्यंत मला धीर नव्हता. पदराला खडू होताच, मी तिथेच रबराच्या जमिनीवर बसून काढलं: या बाजूला वजन, त्या बाजूला किती वेळा. ठिपके जोडले आणि बघतच राहिले. सरळ शिवण नव्हतीच ती. तो बाहीचा मुंढा होता, खांद्यापाशी बाही बसवायला कापतात तो गोलवा. जड वजनापाशी ठिपके एकमेकांना खेटून, आणि जसजसं वजन हलकं होईल तसतशी रेघ झोकात बाहेर वळते. किती वर्षं मी मुंढे कापते आहे, आणि माझ्याच दंडात एक मुंढा आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. व्यायामशाळेतली चारपाच धिप्पाड मंडळी माझ्याभोवती उकिडवी बसली. एकाने विचारलं, आजी, माझा पण काढून देता का? त्या संध्याकाळी मी सगळ्यांचे मुंढे काढले.

आणि गंमत ही की एकाचा दुसऱ्याला बसत नाही. आमचा खलनायक माझी फजिती बघायला म्हणून आला होता, त्याला शिट्टीने बसवला. त्याचं टोक अठ्ठेचाळीस किलो, माझ्या दीडपटीहून जास्त. पण तिने आम्हा दोघांना आपापल्या टोकाच्या शेकडा साठ वजन लावून दिलं, तर मी विसापर्यंत गेले आणि तो चौदाव्यालाच यंत्राचं तेल संपलं आहे म्हणून कुरकुरायला लागला. शिट्टी म्हणते की पुस्तकात तक्ते असतात, अमुक टक्क्याला अमुक वेळा, पण ते सगळे अंदाज. कोणाचा हात वेगळा, कोणाची सवय वेगळी, आणि व्यायाम बदलला तरी आकडा बदलतो. तेही तिने दाखवलं. पायांनी फळी ढकलायचं यंत्र आहे, त्यावर शेकडा ऐंशी लावलं तरी माझे पाय पंधरापर्यंत तक्रार न करता गेले. हातांना तेवढंच ओझं टक्क्याने दिलं तर आठाला बोंब. पाय हे घरातल्या थोरल्या सुनेसारखे असतात बघ, बोलत नाहीत आणि राबतात. हात म्हणजे जावई. (हे तुझ्याबद्दल नाही. तरी तुझ्या सासूबाईंना विचारून बघ.)

मग आमचं धोरण ठरलं. अठरा किलोला माझे वीस हात होत होते, हवे होते बावीस. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं अशातली गत. अठरा किलो काही कमी होणार नव्हते, पण माझं टोक वाढवता येत होतं. तीसवाल्या बाईला अठरा म्हणजे निम्म्याच्या बरंच वर; तीच बाई चौतीस ओढायला लागली तर तेच अठरा निम्म्याच्या जवळ येतात, आणि मुंढ्याच्या त्या भागात थोडंसं सरकलं तरी चारसहा हात सहज मिळतात. पडदा तोच, माझ्या मानाने मात्र हलका. हे मला इतकं आवडलं की मी रात्री उठून उशीला दोनदा सांगितलं. अडीचतीन महिने लागले. एक दिवस जड, एक दिवस हलकं, एक दिवस नुसती झोप (शिट्टी म्हणते झोप हाही व्यायामच, हे चिरंजीवांच्या कानावर जाऊ देऊ नकोस). आणि शेवटी चौतीस ओढलं. अठरावर सव्वीस हात झाले तेव्हा सगळ्या व्यायामशाळेने वजनं खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं. आता पडदा काय, छप्पर उचलीन.

मधल्या काळात पडदा धुवायला खाली उतरवला होता. माझ्या मनात आलं, आपली एवढी परीक्षा, तर पडद्यानेही जरा नीटनेटकं दिसावं. मखमल पार विरली होती. मागून उजेड पडला की नट आतून नाक खाजवताना दिसायचे. म्हणून मी त्याला आतून अस्तर लावलं. चांगलं, जाड, दणकट. तळाला दुहेरी पट्टी. अस्तराशिवाय कोट मी कधी बाहेर जाऊ दिला नाही, मग पडदा कसा जाऊ देईन? असा सुंदर पडला होता रे तो, एकही चुणी नाही. मॅनेजर हात फिरवून गेला.

आली ती संध्याकाळ. नाटक राजदरबाराचं. सिंहासनावर राजा म्हणून खलनायक बसलेला, भोवती प्रधान, सेनापती, सगळे उभे, माना ताठ. दोरीचा कोपरा बाजूच्या सज्जातून दिसतो, तिथे मी शिट्टीला आणि तिच्या सगळ्या मंडळींना बसवलं होतं. दिवे मंद झाले, संगीत सुरू झालं, मी दोरी धरली. पहिला हात, आणि ती ऊबदार हवा पायांना लागली. पाच हात, सात हात, लोण्यासारखा. दहाव्या हाताला मला कळलं की काहीतरी चुकतंय. बाराव्याला मनगटं पिळलेल्या धुण्यासारखी झाली. मी मनात म्हणते, सव्वीस होतात माझे, सव्वीस होतात. सोळाव्या हाताला दोरी तिथेच राहिली. मी पडद्याकडे बघते तो त्याची कड वळलेली, आणि त्यात माझी दुहेरी पट्टी माझ्याकडे बघून हसते आहे. अठरा किलोचा अभ्यास केला आणि पेपर कितीचा काढला, तोही मीच. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा, आणि तो धोंडा बारीक टाक्यांनी शिवलेला. अस्तराचे पाच किलो म्हणजे काय मोठंसं, असं आपल्याला वाटतं. त्या मुंढ्यावर ते दहा हात खातात.

मी दोरीचा वेढा खुंट्याला टाकला आणि डोळे मिटले. खोकं जिंकलं. तोवर रंगमंचावर काय चाललंय याची मला शुद्ध नव्हती. पडदा बरोबर उभ्या माणसांच्या गळ्यापर्यंत येऊन थांबला होता. बसलेला राजा पूर्ण दिसत होता; बाकीचा दरबार मानेपासून खाली. भरजरी अंगरखे, तलवारी, हातांच्या घड्या, आणि डोकं एकालाही नाही. संगीत संपलं. खलनायकाला पुढचं काही सुचेना, म्हणून त्याने आपलं पहिलं वाक्य म्हटलं. ते मॅनेजरने मुळातच असं लिहिलेलं आहे, मी शपथेवर सांगते: "प्रधानजी, आपलं डोकं ठिकाणावर आहे ना?"

आणि बिनडोक प्रधान हात जोडून म्हणाले, "महाराजांची कृपा."

अरे, छप्पर उडालं. लोक खुर्च्यांवरून घसरले. त्या गदारोळात सज्जातून शिट्टी ओरडली, "आजी, श्वास सोडा. हात विसरा, पाय वापरा." मी दोन श्वास सोडले. दोरी धरली, गुडघे वाकवले आणि सगळं अंग खाली बसवलं. सज्जातून धिप्पाड मंडळींचा आवाज आला, "सतरा." उठले, पकड बदलली, बसले. "अठरा." आता खालचा हॉलही त्यांच्याबरोबर मोजू लागला, कशासाठी ते ठाऊक नसताना. एकोणीसला प्रधानाची दाढी दिसली, विसाला सेनापतीचं नाक. एकविसाला माझ्या डोळ्यांपुढे काजवे. बाविसावा हात माझा नव्हता बाबा, तो त्या तीनशे लोकांच्या तोंडून निघाला आणि माझ्या गुडघ्यांतून गेला. डोकी आली. पडद्याला टाळ्या पडल्या. नटांची अजून दोनच वाक्यं झाली होती.

मी एका दमात नेला नव्हता, म्हणजे हरलेच होते. सुई-दोऱ्याची पेटी आवरून बसले. मॅनेजर आत आला तो घामाघूम. म्हणाला, "ताई, उद्यापण तिथेच थांबायचं. गळ्यावर. एक बोट इकडेतिकडे नको." मी म्हटलं, "आणि मोटार?" तो म्हणाला, "मोटारीला दमता येतं का?" दुसऱ्या दिवसापासून तिकिटांच्या खिडकीवर लोक विचारतात, डोकी नसलेलं नाटक हेच का. प्रत्येक प्रयोगाला हॉल मोजतो. दोरी माझी राहिली आणि खोकं परत गेलं. तर असं हे सगळं आहे. खांद्याला जप, आणि जड पिशवी एकदम उचलण्यापेक्षा निम्मी करून दोन खेपा घाल; का, ते वर लिहिलंच आहे.

तुझी,
ताई

ता. क. : वर लिहिलं की खोकं परत गेलं. ते गेलेलं नाही. मॅनेजर परत पाठवत होता, मीच म्हटलं राहू दे, रंगमंचाखाली कोरडी जागा आहे. मी त्याला मेणकापडात गुंडाळून ठेवलं आहे. कधीतरी बावीसचे एकोणीस होतील, आणि तेव्हाही मुंढा खोटं बोलणार नाही. मॅनेजरने काही विचारलं नाही. उलट म्हणाला, बटण बसवलं तर तुमच्याच कोपऱ्यात बसवू.

ता. क. दुसरा : खरं तर पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. काटा लावून बघितलं, पडदा तेवीस किलो भरतो. आठवड्यात तीन प्रयोग आहेत, आणि गळ्यापाशी थांबणं सगळ्यांना कला वाटते. फक्त मला ठाऊक आहे की तिथे मी खरोखरच संपलेली असते. अस्तर उसवायला हवं, सगळं, आणि कोणाला न कळता. (अस्तर गेल्यावर थांबायचं नुसतं नाटक करावं लागेल. नाट्यगृहात एवढी वर्षं काढली, तेवढं जमेल.) शिवायला मला कोणी लागत नाही. पण मखमलीला इजा न करता टाका काढणारा हात आपल्या घरात एकच आहे, आणि तो माझा नव्हे. भावजयीला आठ दिवसांसाठी पाठव. दात दुखत असला तरी चालेल. इथे मऊ करून घालीन. तिला सांग की ताईने विनंती केली आहे. 'विनंती' हा शब्द तसाच सांग, बदलू नकोस.

ता. क. तिसरा : उत्तर लवकर लिही. तुला वेळ नसेल तर तिलाच लिहू दे. 'येते' एवढंच लिहिलं तरी पुरे आहे, पण उत्तर शनिवारच्या प्रयोगाआधी पोचेल असं लिही.